अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधले सर्वांत प्रतिष्ठित संघ कोणते, आणि हे ठरवतं कोण?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नुकतेच अमेरिकेत आलात, सप्टेंबर लागल्यापासून दर सोमवारी ऑफिसात कॉलेज फुटबॉलवरून जुंपते, प्रत्येक जण छातीठोकपणे वेगळंच नाव घेतो आणि कोणाचं खरं मानावं ते तुम्हाला कळत नाही. माझं उत्तर आधी देऊन टाकतो: नोटर डेम, अलाबामा, ओहायो स्टेट, मिशिगन. याच क्रमाने. मी स्वतः कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटला शिकलो, तेव्हा शेवटच्या दोन नावांच्या क्रमावर फार विश्वास ठेवू नका.

आता कारणं. हा वाद मिटत नाही, कारण विजेता नेमका कोण हेच या खेळात सव्वाशे वर्षं धड ठरत नव्हतं. पहिला सामना झाला ६ नोव्हेंबर १८६९ ला, रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ हरवलं. तेव्हापासून आजपर्यंत, कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएने सर्वांत वरच्या श्रेणीच्या फुटबॉलचं विजेतेपद कधीच दिलेलं नाही. बास्केटबॉलचं देतात, कुस्तीचं देतात, पोहण्याचंही देतात. फुटबॉलचं नाही. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस (एपी) ही वृत्तसंस्था क्रीडापत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी लावू लागली, आणि ज्याला मतं जास्त तो विजेता असा रिवाज पडला. पहिल्या दोघांना मैदानात समोरासमोर आणायची, विद्यापीठांच्या सगळ्या मोठ्या गटांना मान्य असलेली सोय १९९८ मध्ये झाली. चार संघांचं प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणारी बाद फेरी, २०१४ मध्ये आलं, बारा संघांचं २०२४ मध्ये.

त्यामुळे कोणी 'आमची अठरा विजेतेपदं' म्हणालं की आधी विचारायचं, कोणी दिली? अलाबामाच्या अठरांत १९४१ चंही एक आहे. त्या वर्षी ते दोन सामने हरले होते आणि एपीच्या यादीत विसावे होते. पहिला होता मिनेसोटा, एकही सामना न हरता. पण त्या काळी गणिती पद्धतीने क्रमवारी काढणारेही काही जण होते, त्यांतल्या एकाने अलाबामाला वर ठेवलं होतं. तेवढ्या आधारावर अलाबामाने ते वर्ष पुढे कित्येक दशकांनी आपल्या खात्यात जमा करून टाकलं. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाने तर सगळे सामने जिंकूनही प्लेऑफमध्ये जागा मिळाली नाही म्हणून स्वतःच स्वतःला विजेता जाहीर केलं आणि डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली. मला ते फार आवडलं होतं.

माझं म्हणणं असं की विजेतेपदांमुळे प्रतिष्ठा मिळाली हे अर्धंच खरं आहे. बराच काळ उलटं चाललं होतं: आधी प्रतिष्ठा होती, म्हणून मतं पडली आणि विजेतेपदं मिळाली.

१९६६ चा हंगाम घ्या. अलाबामा आधीच्या दोन्ही वर्षी एपीच्या यादीत पहिला आलेला, आणि या वर्षी तर एकही सामना हरला नाही की बरोबरीत सुटला नाही. १९ नोव्हेंबरला ईस्ट लान्सिंगमध्ये पहिल्या क्रमांकाचा नोटर डेम आणि दुसऱ्या क्रमांकाचा मिशिगन स्टेट (हा मिशिगनहून वेगळा संघ) भिडले. गुण १०-१०, शेवटची मिनिटं, चेंडू नोटर डेमकडे. कोच आरा पार्सेगियनने लांब पास टाकून जिंकायचा धोका घेतलाच नाही. चेंडू पोटाशी धरून दोन-चार यार्ड पुढे सरकायचं, पुन्हा सरकायचं, असं करत त्याने वेळ संपवला. समोरचे मिशिगन स्टेटचे खेळाडू भर मैदानात त्यांना टोमणे मारत होते. तेव्हा जादा वेळ खेळवत नसत, सामना बरोबरीत सुटला. मतदान झालं तेव्हा नोटर डेम पहिला, मिशिगन स्टेट दुसरा, आणि सगळे सामने जिंकलेला अलाबामा तिसरा.

अलाबामाच्या माणसासमोर आजही हे वर्ष काढा, तो तापतो. पण एक गोष्ट तो सहसा सांगणार नाही. त्या वर्षी त्यांच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता आणि राज्याचा गव्हर्नर होता जॉर्ज वॉलेस, वर्णभेदाचा उघड कैवारी. मतं देणाऱ्या उत्तरेकडच्या पत्रकारांच्या मनात ते नसेल असं मला वाटत नाही. चार वर्षांनी, सप्टेंबर १९७० मध्ये, लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठाचा संघ अलाबामातल्या बर्मिंगहॅमला आला. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय फुलबॅकने, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूने, अलाबामाचा बचाव पार झोपवला, सामना ४२-२१ सुटला. त्या एका संध्याकाळीने अलाबामा बदलला असं सगळे रंगवून सांगतात. तेवढं खरं नाही. विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाने आधीच शिष्यवृत्ती देऊन आणलं होतं. पहिल्या वर्षाला असल्यामुळे त्याला मुख्य संघातून खेळता येत नव्हतं, इतकंच.

मग नोटर डेममध्ये लोकांना एवढं काय दिसत होतं? साऊथ बेंड हे इंडियानातलं लहानसं शहर, तिथलं कॅथलिक पाद्र्यांनी काढलेलं हे विद्यापीठ. आसपासच्या बड्या विद्यापीठांच्या गटाने, म्हणजे आजच्या बिग टेनने, त्यांना आत घेतलं नाही. मग १९१८ ते १९३० कोच असलेल्या क्नूट रॉकनीने संघाला आगगाडीत बसवलं आणि देशभर फिरवलं. न्यूयॉर्कला जाऊन आर्मीशी, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाशी खेळ, लॉस एंजेलिसला जाऊन यूएससीशी खेळ. तो काळ इंडियानात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेचा जोर असण्याचा, कॅथलिकांना उघडउघड हिणवण्याचा. न्यूयॉर्क-शिकागोतल्या आयरिश, इटालियन, पोलिश कामगारांच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, पण शनिवारी या पोरांनी बड्या घरच्या पोरांना लोळवलं की त्यांना आपणच जिंकल्यासारखं वाटायचं. असा चाहता पैसे देऊन तयार होत नाही.

अर्थात थोडी कारागिरीही होतीच. १९२४ मध्ये आर्मीला १३-७ हरवल्यावर ग्रँटलंड राइस या पत्रकाराने नोटर डेमच्या मागच्या फळीतल्या चौघांना बायबलमधल्या, जगाच्या अंताची वर्दी देणाऱ्या चार घोडेस्वारांची उपमा दिली. संघाची प्रसिद्धी बघणारा एक विद्यार्थी होता. गावी परतल्यावर त्याने चार खरे घोडे मिळवले, चौघांना गणवेशात हेल्मेट घालून, हातात चेंडू देऊन त्यांवर बसवलं आणि फोटो काढून घेतला. तो देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. फोटोत चौघेही घोड्यावर जरा अवघडूनच बसलेत. प्रतिष्ठा आपोआप येते असं ज्यांना वाटतं त्यांनी तो शोधून बघावा.

नोटर डेमचं शेवटचं विजेतेपद १९८८ चं. त्या वर्षी जन्मलेल्यांना आता मुलं झालीत. तरीही एनबीसी ही टीव्ही वाहिनी १९९१ पासून त्यांचे घरचे सामने देशभर दाखवतेय, आणि फुटबॉलपुरता हा संघ आजही कुठल्याच गटात सामील नाही. बाकी कोणाला हा रुबाब परवडणार नाही. निम्मा देश हा संघ जिंकावा म्हणून बघतो, उरलेला निम्मा हरावा म्हणून बघतो, पण बघतो. हरतानाही ज्याला प्रेक्षक असतो तो प्रतिष्ठित, ही माझी कसोटी.

निव्वळ जिंकण्यावर गेलात तर मात्र अलाबामाचा हात कोणी धरणार नाही. कोच बेअर ब्रायंटने सहा विजेतेपदं मिळवली, आणि २००७ ला कोच म्हणून आलेल्या निक सेबनने २००९ ते २०२० या काळात आणखी सहा. सेबनची सहाही समोरासमोर खेळून मिळवलेली, त्यांत मतांचा घोळ नाही. जानेवारी २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. आता तो नसताना लोक किती वर्षं अलाबामाला तेवढंच घाबरतात ते बघायचं. मी त्यांना दुसरं ठेवलंय ते या एका शंकेपायी.

ओहायो स्टेट आणि मिशिगन वेगवेगळे मोजताच येत नाहीत, एकाची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या जिवावर उभी आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोलंबसच्या कॅम्पसवर चक्कर मारा. इमारतींच्या, वसतिगृहांच्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' या अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली मारलेली दिसेल. पहिल्या वर्षी मला वाटलं, पोरांचा चावटपणा असेल. चांगली वयस्क, पगारदार माणसं शिडी घेऊन हे काम करताना बघितली तेव्हा प्रकरण काय आहे ते कळलं. वुडी हेज हा आमचा १९५१ ते १९७८ चा कोच मिशिगनचं नावच घेत नसे, 'वर उत्तरेकडचा तो संघ' म्हणे. १९६८ मध्ये ५०-१४ असा पुढे असताना त्याने चेंडू टोकाच्या रेषेपार नेल्यानंतरच्या नेहमीच्या एका जादा गुणाऐवजी दोन गुण लुटायचा प्रयत्न केला होता. पुढच्याच वर्षी त्याच्याच हाताखाली तयार झालेला बो शेमबेकलर मिशिगनचा कोच झाला आणि पहिल्या फटक्यात हेजला २४-१२ हरवून बसला. तिथून पुढची दहा वर्षं हे दोघं भांडले, आणि आजचं वैर बरंचसं तेव्हाचं आहे. हेजचा शेवट वाईट झाला. डिसेंबर १९७८ मध्ये एका सामन्यात त्याने क्लेमसनच्या खेळाडूला ठोसा मारला आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. असं असूनही कोलंबसमध्ये त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढून बघा!

३० नोव्हेंबर २०२४ ला त्या हंगामात रखडत चाललेल्या मिशिगनने कोलंबसमध्ये येऊन ओहायो स्टेटला १३-१० हरवलं. २० जानेवारीला त्याच ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. कोलंबसमधले माझे मित्र त्या वर्षाबद्दल बोलायला लागले की आधी मिशिगनचा सामना काढतात, विजेतेपद नंतर आठवतं.

मिशिगनचं देणं देऊन टाकतो. एक हजार विजय गाठणारा पहिला संघ तो, नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्यांच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे आणि ते भरतं. त्याच हंगामाचं विजेतेपदही त्यांनीच घेतलं. हजारावा विजय मिळाला त्या दिवशी त्यांचा कोच जिम हार्बो मात्र मैदानावर नव्हता. प्रतिस्पर्धी कोच मैदानाबाहेरून खेळाडूंना करतात त्या खुणा टिपायला माणसं पाठवल्याच्या प्रकरणात बिग टेनने त्याला निलंबित केलं होतं. हे मी मुद्दाम लिहिलंय.

ओक्लाहोमा, यूएससी, टेक्सस हे त्याखालचे तीन. ओक्लाहोमाने १९५३ ते १९५७ या काळात सलग ४७ सामने जिंकले, तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. ती मालिका तोडली कोणी, तर नोटर डेमनेच, ७-० असं.

प्रतिष्ठा जाते कशी हे बघायचं असेल तर ते जास्त मजेदार आहे. येल आणि प्रिन्स्टन यांनी हा खेळ घडवला. आजचे कित्येक नियम येलच्या वॉल्टर कॅम्पचे. आज पुण्यात जसा पहिला मान कसब्याच्या गणपतीला आणि गर्दी दगडूशेठला, तसं त्यांचं आणि अलाबामाचं आहे. मिनेसोटाने १९३४ ते १९४१ या काळात पाच विजेतेपदं घेतली, तुमच्या ऑफिसात त्यांचं नावही कोणी काढत नसेल. आणि शिकागो विद्यापीठ! बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक, पुढे ज्याला हाइझमन करंडक म्हणू लागले तो सर्वोत्तम खेळाडूचा पहिला पुरस्कार १९३५ मध्ये त्यांच्याच जे बरवँगरला. कुलप्रमुख रॉबर्ट हचिन्स यांना फुटबॉल म्हणजे अभ्यासातला अडथळा वाटायचा, त्यांनी १९३९ मध्ये तो बंदच करून टाकला. स्टेडियम रिकामं पडलं. त्याच स्टँडखालच्या स्क्वॉश कोर्टात २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मीने जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी चालवून दाखवली. शिकागोवाल्यांना या सौद्याचं दुःख असावं असं वाटत नाही.

नेब्रास्काचं मात्र वाईट वाटतं. १९९४, १९९५, १९९७ अशी विजेतेपदं, आणि १९६२ पासून घरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेल्याचं ते अभिमानाने सांगतात. पण आज ज्या सतरा वर्षांच्या पोराला संघात घ्यायला ते जातात, त्याच्या जन्माआधीची ही गोष्ट आहे. त्याच्या वडिलांना नेब्रास्का माहीत असतो, त्याला नसतो.

'आता पैशाने सगळं बदलेल का' असंही तुम्ही विचारलंय. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली, २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. विजेतेपदं याने नक्की इकडची तिकडे होतील. प्रतिष्ठेचं मला तसं वाटत नाही. ओरेगनकडे नाइकीच्या फिल नाइटचा पैसा कित्येक वर्षांपासून आहे, गणवेश तर इतके की कुठल्या शनिवारी काय घालतील सांगता येत नाही. अलाबामाच्या हेल्मेटवर अजून नुसता खेळाडूचा नंबर असतो. ओरेगन दोनदा अंतिम सामन्यापर्यंत पोचला, दोन्ही वेळा हरला. पहिल्या चारांत कोणी घुसलंच तर टेक्सस घुसेल, कारण त्यांच्याकडे पैसाही आहे आणि ते हरले की बाकीच्यांना आनंदही होतो.