कंबर दुखते खरी, मग समुपदेशकाकडे कशाला?

"मॅडम, एमआरआयमध्ये विशेष काही नाही म्हणाले आणि तुमच्याकडे पाठवलं. म्हणजे मी दुखण्याचं सोंग करतोय का?"

ठाण्यातल्या माझ्या खोलीत आलेले ४६ वर्षांचे गृहस्थ अजून खुर्चीत टेकलेही नव्हते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दोन वर्षं कंबर धरलेली. असा प्रश्न आला की मला वाईट वाटतं, कारण तो विचारण्याआधी माणसानं घरीदारी बरंच ऐकून घेतलेलं असतं.

सोंग मुळीच नाही, मी म्हटलं. दुखणं तीन महिन्यांपलीकडे रेंगाळलं की मणक्याइतकंच मेंदूकडेही पाहावं लागतं. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी नव्यानं पाठ दुखू लागलेल्यांचे मेंदू वर्षभर तपासले. २०१२ साली त्यांनी मांडलं, की कपाळामागचा एक भाग आणि मेंदूत खोलवर असलेला न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स यांची जोडणी ज्यांच्यात सुरुवातीपासून घट्ट होती, त्यांचं दुखणं टिकून राहण्याची शक्यता जास्त होती. हे भाग 'याला किती महत्त्व द्यायचं' ते ठरवण्यात गुंतलेले असतात.

"मग माझा मेंदू बिघडला?"

नाही, त्याला सवय लागलीय, आणि ती बदलू शकते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या २०११च्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या उपचारांनंतर सहा महिन्यांनी मेंदूच्या एका भागाची कमी झालेली जाडी पुन्हा वाढलेली दिसली.

मग त्यांनीच सांगितलं: ठाणे स्टेशनात तुर्भ्याकडच्या गाडीची घोषणा झाली की कंबर आवळते. गाडी अजून आलेलीही नसते! बसायला जागा मिळावी म्हणून ते तीन-तीन गाड्या सोडत. उभं राहावं लागलंच, तर ऐरोलीला उतरून बाकावर बसत. आमचं काम तिथूनच सुरू झालं. आधी फक्त घोषणा ऐकत सावकाश श्वास घ्यायचा. मग एकच स्टेशन उभ्यानं. "कळ आली, पण मणका मोडत नाहीये," एवढं मनाशी म्हणायचं. फिजिओथेरपी चालूच होती, ती मी बंद करू दिली नाही.

एक मात्र निक्षून सांगते: लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर माझ्याकडे यायचं नाही. थेट रुग्णालय गाठायचं.

सातव्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पहिलीच गाडी पकडली होती, दाराशी उभं राहून. कंबर दुखली म्हणाले, पण ऐरोलीला उतरलो नाही.