वाचकांचे प्रश्न : कमी केलेलं वजन परत का येतं?

प्रश्न : डॉक्टर, वय ४४, उंची १६० सेमी. वजन ८६ किलो होतं, डाएट करून ७७ वर आणलं. सगळे कौतुक करत होते आणि मग काटा तिथेच अडकला, डाएट तेच, चालणं तेच, तरी हलेना. कंटाळून जरा सैल सोडलं तर वर्षभरात ८३. घरचे म्हणतात तुझा तोंडावर ताबा नाही. खरंच माझ्यातच खोट आहे का?

उत्तर : नाही. आणि हे उत्तर घरच्यांना वाचायला द्या.

तुम्ही लिहिलंय "डाएट तेच", तर काटा अडकण्याचं बरंचसं कारण तिथेच आहे. ८६ किलोच्या शरीराला दिवसाला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ७७ किलोच्या शरीराला लागत नाही, म्हणजे ज्या जेवणावर आधी वजन उतरत होतं तेच जेवण आता बरोबर पुरतं. त्यातही वजन घटलं की शरीर हिशोबापेक्षा थोडी जास्तच काटकसर करतं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन खाली येतं, भूक लावणारं घ्रेलिन वर जातं, आणि हे चार दिवसांचं नसतं हो, २०११ साली आलेल्या एका अभ्यासात वजन कमी करून वर्ष झालं तरी ही हार्मोन्स पूर्ववत झालेली नव्हती. म्हणजे तुम्हाला खरोखरच आधीपेक्षा जास्त भूक लागत होती आणि खायचं मात्र कमी होतं. याला ताबा नाही म्हणणाऱ्याने आधी स्वतः वर्षभर करून दाखवावं.

दुसरं, ९ किलो म्हणजे तुमच्या मूळ वजनाच्या १० टक्के. ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) यांत चांगला फरक पडतो. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये लोकांना टार्गेट होतं फक्त ७ टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, तेवढ्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. कॉलेजमधलं वजन परत आणायचा हट्ट सोडा, त्या हट्टापायी लोक मिळालेलं पण घालवतात.

आता काय करायचं? आधी तुमच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवा. स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसिक आजारांची औषधं, फिटची काही औषधं यांनी वजन वाढतं आणि बऱ्याचदा पर्याय असतो, पण मनाने काहीही बंद करू नका. झोपेत घोरता का, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का तेही सांगा, स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, असला तर त्याची वेगळी ट्रीटमेंट आहे. जेवणात प्रोटीन वाढवा आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर लावावा लागेल असा, वजनं उचलण्यासारखा व्यायाम करा, कारण नुसतं कमी खाल्लं की चरबीबरोबर स्नायूही जातात. आणि वजन टिकवायला उतरवण्यापेक्षा जास्त व्यायाम लागतो, आठवड्याला १५० नाही तर २०० ते ३०० मिनिटं, हे कुणी आधी सांगतच नाही. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी काट्यावर उभं राहा. दोन किलो चढले की लगेच हालचाल करा, सहा चढेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : माझं वजन २० किलोने वाढलंय, थायरॉइडमुळेच असणार ना?

उत्तर : टेस्ट जरूर करा, पण वीसच्या वीस किलो त्याच्या माथी मारता येणार नाहीत. थायरॉइड कमी असल्याने साधारण २ ते ५ किलो वाढतात, तेही बरंचसं पाणी आणि मीठ साठून. गोळी सुरू झाली की तेवढेच जातील. आणि थायरॉइड नॉर्मल असताना वजनासाठी ती गोळी घेणं म्हणजे हृदयाशी खेळ.

प्रश्न : बीएमआय २८, बीपीची गोळी चालू, शुगर बॉर्डरलाइन. जिममधला मित्र म्हणतो वजनाचं इंजेक्शन ऑनलाइन मागव, तीन महिने घे आणि बंद कर. घेऊ का?

उत्तर : इंजेक्शनला माझा विरोध नाही, मित्राच्या प्लॅनला आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त, नाहीतर २७ किंवा वर आणि सोबत बीपीसारखा आजार, अशांना ही औषधं देता येतात, म्हणजे तुम्ही त्यात बसू शकता. फायदाही खरा आहे, सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनच्या मोठ्या ट्रायलमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण त्याच लोकांचं औषध थांबवलं तेव्हा वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं! बीपीची गोळी तुम्ही तीन महिन्यांनी सोडली का? मग हे कसं सोडणार. शिवाय पूर्ण डोसपर्यंत हळूहळू चढायलाच १६ आठवडे लागतात, तुमचा मित्र त्याच्या आधीच बंद करतोय.

मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होते, पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, तेव्हा पोटात जोरात दुखून थांबतच नसेल तर घरी बसू नका. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर हे औषध घ्यायचं नाही. वजन उतरताना बीपीच्या गोळीचा डोसही कमी करावा लागू शकतो, नाहीतर उभं राहिल्यावर चक्कर. हे सगळं बघायला डॉक्टर लागतो, कुरिअरवाला नाही.

प्रश्न : बीएमआय २४ आहे, पण पोट सुटलंय. काळजी करू का?

उत्तर : बीएमआयला चरबी कुठे आहे ते कळत नाही, आणि आशियाई लोकांमध्ये तर २३ पासूनच लक्ष द्यायला सांगतात. तुमच्या उंचीएवढी दोरी कापा, मधोमध दुमडा आणि दुहेरी दोरी पोटाभोवती गुंडाळा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही हं! टोकं आरामात एकमेकांवर आली तर ठीक, नाही पुरली तर बीपी, उपाशीपोटी शुगर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्या आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.