खिडक्या जानेवारीत बसल्या, क्रेडिट मिळेल का?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. 2025 मध्ये घराचं बरंच काम काढलं. नोव्हेंबरात हीट पंप (घर गरम-थंड करणारं यंत्र) बसवला, 12,000 डॉलर झाले, अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन घातलं त्याचे 2,800, आणि खिडक्यांचे पैसे डिसेंबरातच भरले पण बसल्या जानेवारी 2026 मध्ये. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता सगळ्या खर्चाचे 30 टक्के टॅक्स क्रेडिट म्हणून मिळतात. आणि आमचा तर दरवर्षी रिफंडच येतो, मग क्रेडिट मिळणार कशातून?

उत्तर: वाईट बातमी आधी सांगते, खिडक्यांचं काही मिळणार नाही. हे क्रेडिट, म्हणजे घरात ऊर्जा वाचवणारं काम केलं की फेडरल इन्कम टॅक्समधून वजा होणारी रक्कम, 2032 पर्यंत चालणार होतं पण जुलै 2025 च्या कायद्याने ते 31 डिसेंबर 2025 लाच संपवलं, आणि तारीख धरतात ती वस्तू बसवून झाल्याची, पैसे कधी भरले त्याची नाही. ऑर्डर घेताना कॉन्ट्रॅक्टरने हे सांगायलाच हवं होतं, मला याचा फार राग येतो.

हीट पंपाचे मजुरीसकट 30 टक्के म्हणजे 3,600 होतात, पण मर्यादा 2,000 ची, तेवढेच धरा. तुमचं मॉडेल क्रेडिटला पात्र आहे ना ते बघा आणि उत्पादक कंपनीचा चार अक्षरी कोड मागून घ्या, 2025 च्या रिटर्नला तो लागतो. इन्सुलेशनला कोड नको, मात्र तिथे मजुरी धरत नाहीत, फक्त मालाची किंमत, म्हणून बिल फोडून मागा. समजा माल 1,500 चा असेल तर 450 मिळतील. एकूण 2,450, रिटर्नसोबतच्या फॉर्म 5695 वर भरायचे. वीज कंपनीकडून रिबेट मिळाला असेल तर तो खर्चातून आधी वजा करा.

आता रिफंडचं, कारण इथे खूप जण गोंधळतात आणि हक्काचे पैसे सोडून देतात. रिफंड येतो म्हणजे तुमच्यावर टॅक्स नाही असं नाही हो, पगारातून जास्त कापला गेला एवढंच. वर्षाचा टॅक्स 9,000 आणि कापले 10,000 तर रिफंड 1,000, क्रेडिट घेतलं की टॅक्स 6,550 वर येतो आणि रिफंड होतो 3,450. टॅक्सच 2,450 पेक्षा कमी असेल तर मात्र उरलेलं वाया जातं, सोलरचं क्रेडिट पुढच्या वर्षी नेता येतं, तसं हे नेता येत नाही.

आणि 2023 किंवा 2024 मध्येही असं काही काम करून क्लेम करायचं राहिलं असेल तर जुनी बिलं काढा, रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत 1040-एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) भरून ते अजून मागता येतं.