सासूबाईंना अशोकवाटिका, मुलांना समुद्र

प्रश्न: ताई, आम्ही पाच जणं श्रीलंकेला जायचं म्हणतोय. सासूबाई 72 वर्षांच्या. सगळं आयुष्य पंचवटीत गेलं, त्यामुळे सीतामाईला नेलं ती अशोकवाटिका त्यांना बघायचीच आहे. मुलांना समुद्र हवाय. एजंट म्हणतो, मेमध्ये तिकडे ऑफ सीझन असतो, दिवाळीत चला. जाऊबाई नाताळवर अडून बसल्यात. चांगला सीझन नक्की कोणता? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: मेचा पहिला पंधरवडा. एजंट अर्धंच खरं बोलतोय, आणि तेवढ्यावर त्याने तुम्हाला नेमक्या चुकीच्या महिन्यात ढकललंय.

आधी माझी फजिती सांगते. मी चिपळूणची. पावसाचं कौतुक आम्हाला कुणी सांगू नये. तरी काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वस्त मिळालं म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या बेंटोटाला खोली घेतली. किनाऱ्यावर लाल बावटा, लाटा अंगणापर्यंत, आणि मी चार दिवस गॅलरीत बसून पाऊस बघतेय. घरी फुकट दिसतो तो पाऊस मी पैसे मोजून बघितला! चौथ्या दिवशी गाडीवाल्याने न राहवून विचारलं, ‘यल चालू असताना या बाजूला कशाला आलात?’

यल आणि महा ही त्यांच्या भातशेतीच्या हंगामांची नावं, आपल्या खरीप-रब्बीसारखी. देश महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढा, पण मधोमध डोंगर उभे आहेत आणि पाऊस दोन्हीकडून येतो. मेअखेर ते सप्टेंबर नैऋत्येचा, म्हणजे आपलाच, यलच्या दिवसांतला. तो कोलंबो, बेंटोटा, गॉल, मिरिसा धुऊन काढतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआच्या बाजूला. त्यामुळे ‘श्रीलंकेचा सीझन’ असा एक नसतोच. एका किनाऱ्याचा संपत येतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू होत असतो. एजंटाच्या छापील सहलीत पश्चिम किनाराच असतो, म्हणून त्याचा मे ऑफ.

त्या गाडीवाल्यानेच मग मला डोंगरापलीकडे नेलं. वाटेत डोंगरावरच्या नुवारा एलियात धुकं, भुरभुर, स्वेटर. तिथून हकगला ओलांडून वेलीमड्याकडे उतरायला लागलो आणि तासाभरात रस्ता कोरडा ठाक, ऊन, आणि कानात शिरणारा वारा. जुलैत महाबळेश्वरहून पसरणी घाटाने वाईला उतरलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चहाचंही तसंच. पश्चिम उतारावरच्या डिंबुलाचा उत्तम चहा जानेवारी ते मार्चमधला, तर पलीकडच्या उवाचा जुलै ते सप्टेंबरमधला, त्या कोरड्या वाऱ्यातला. घरी आणायचा असेल तर मेमध्ये डिंबुलाचा मागा, तो ताजा असतो.

आता तुमचं. कोलंबोला उतरलात की तिथे थांबू नका. अनुराधपुरा आणि सिगिरिया करा. ऊन आपल्यासारखंच भाजतं, म्हणून सिगिरियाचा खडक सकाळी लवकर चढा. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तेव्हा सासूबाईंना खालच्या बागेत बसवा. मग त्रिंकोमालीजवळ निलावेलीला तीन दिवस. मेमध्ये तिथला समुद्र तळ्यासारखा असतो, कमरेएवढ्या पाण्यात मुलं तासन्‌तास खेळतात. त्रिंकोमालीच्या कड्यावर कोणेश्वराचं मंदिर आहे, सासूबाईंना शंकरही भेटेल.

अशोकवाटिका शेवटी. ती जिथे होती असं मानतात, ते सीता अम्मन मंदिर नुवारा एलियाहून वेलीमड्याच्या रस्त्यावर, अगदी रस्त्याला लागून आहे. शेजारी ओढा वाहतो. फार चालावं लागत नाही. गाव मात्र कळसूबाईच्या शिखराहून उंच आहे, तेव्हा मे असला तरी शाल हवीच. दुपारनंतर सर येऊ शकते, म्हणून दर्शन सकाळी उरका.

वाटेत वेसाक आला तर भाग्य समजा. ही त्यांची बुद्धपौर्णिमा, बहुधा मेमध्येच येते. घरोघरी कागदी कंदील, आणि रस्त्यावर ‘दन्सल’, म्हणजे येईल त्याला फुकट जेवण. आपल्याकडे वारीच्या वाटेवर वाढतात ना, तसंच. मात्र खोल्या फार आधी राखून ठेवा. आणि मेऐवजी एप्रिल सुचवला कुणी, तर 13-14 तारखेच्या सिंहली-तमिळ नववर्षाचा आठवडा टाळा. दुकानं बंद, आणि अख्खं कोलंबो नुवारा एलियात.

दिवाळी का नको? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्ही बाजूंना पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचाही तोच काळ. 2025 च्या नोव्हेंबरअखेरीस दित्वा चक्रीवादळात पूर आणि दरडींनी शेकडो माणसं गेली. डोंगराळ भागात सर्वांत जास्त हाल झाले, आणि तुमची अशोकवाटिका तिथेच आहे. 72 वर्षांच्या बाईला घेऊन मी त्या महिन्यात घाट चढणार नाही.

जाऊबाईंचा नाताळ वाईट नाही. पश्चिम किनारा तेव्हा सुरेख असतो, फक्त सगळं जग तिथे आलेलं असतं आणि खोल्यांचे दर बघून जीव जातो. खरं तर फेब्रुवारी त्याहून छान, पण तुमच्या मुलांच्या परीक्षा.

प्रश्न: मिन्नेरियाचे हत्ती बघायला मेमध्ये गेलो तर चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: हत्ती दिसतील, पण तो प्रसिद्ध मेळा नाही दिसणार. मिन्नेरिया म्हणजे महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलेलं तळं. तिकडच्या कोरड्या महिन्यांत पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं, आणि त्यासाठी कळपच्या कळप उतरतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा. दुपारी तीननंतर जीप घ्या, त्याआधी ते जंगलात सावलीला असतात.