सार्वभौम, स्वायत्त आणि मांडलिक

प्रश्न असा आला आहे : ‘जागतिक व्यापार संघटनेत जाऊन भारताने आपली स्वायत्तता गहाण टाकली’ या वाक्यात स्वायत्तता हा शब्द बरोबर आहे, की तिथे सार्वभौमत्व हवे? आणि करारावर सही केल्याने सार्वभौमत्व ‘जाते’ असे म्हणणे योग्य आहे का?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. इथे सार्वभौमत्व हवे. स्वायत्त म्हणजे स्वतःच्या आयत्त, आपल्याच ताब्यातला. पण रूढ मराठीत हा शब्द वर कोणीतरी असलेल्या संस्थेला लागतो. महाविद्यालय स्वायत्त होते ते विद्यापीठाशी संलग्न राहूनच. ईशान्येकडच्या स्वायत्त जिल्हा परिषदा राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतून आल्या. देशाला त्याची सत्ता अशी कोणी वरून दिलेली नसते. परराष्ट्र धोरणावरच्या लेखांत ‘धोरणात्मक स्वायत्तता’ हा प्रयोग आता रुळला आहे, तो वेगळा. कोणत्याही गटाच्या दबावाखाली न येता निर्णय घेण्याची मोकळीक, असा त्याचा अर्थ, आणि ती सार्वभौम देशालाही कमीजास्त असू शकते.

दुसऱ्या प्रश्नासाठी सार्वभौम या शब्दाकडे नीट पाहायला हवे. तो आपल्या सगळ्यांच्या कानावरचा आहे. गणपतीच्या आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणताना ‘समन्तपर्यायी स्यात् सार्वभौमः’ येते ना, तोच हा. मूळ वचन ऐतरेय ब्राह्मणातले, राजाच्या अभिषेकाच्या प्रकरणातले. लगेच पुढे ‘पृथिव्यै समुद्रपर्यन्ताया एकराट्’ आहे, म्हणजे समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकटा राजा. सर्वभूमीचा ईश्वर तो सार्वभौम, ही व्युत्पत्ती पाणिनीनेही दिली आहे. सर्वचे सार्व आणि भूमीचे भौम, अशी दोन्ही पदांत वृद्धी झाली आहे.

या अर्थाने पृथ्वीवर सार्वभौम एकच असू शकतो. आज संयुक्त राष्ट्रांचे 193 सदस्य आहेत आणि सनदेच्या दुसऱ्याच कलमात ‘सार्वभौम समानता’ हे संघटनेचे मूळ तत्त्व म्हणून नोंदले आहे. प्राचीन राजाला ही शब्दजोडी कळलीच नसती, कारण सार्वभौमाला समान कोण असणार? तेव्हा या शब्दात आपली सत्ता कुठवर पसरली हे पाहिले जाई, आता आपल्या हद्दीत दुसऱ्याचा हुकूम चालत नाही एवढेच पाहिले जाते. हा बदल डोळ्याआड केला की प्रत्येक करार हा पराभव वाटू लागतो. एकराटाला कोणाशी बरोबरीने करार करायची गरजच नव्हती. आजच्या सार्वभौम देशाला ती रोजची आहे.

मग सार्वभौमच्या विरुद्ध कोण? चटकन परतंत्र सुचते, पण मला मांडलिक हा शब्द जास्त नेमका वाटतो, आणि त्यासाठी वसईचा तह बघावा. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांच्या किमान सहा पलटणी कायमच्या पदरी घेतल्या आणि त्यांच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला. पण फौज आणि मुलूख हा जबर तोटा असला, तरी सार्वभौमत्व तेवढ्याने संपत नाही. ते संपवणारी कलमे पुढे आहेत. निजाम आणि गायकवाड यांच्याकडच्या येण्यांचा निवाडा इंग्रज करणार आणि कंपनीला विचारल्याशिवाय पेशव्यांनी दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. या तहाने पुढचे तह करण्याचा अधिकारच नेला. शिंदे-होळकर त्यावर का संतापले, हे या कलमांवरून कळते.

याच्या समोर 1923 चा एक निवाडा ठेवतो. मार्च 1921 मध्ये ‘विम्बल्डन’ नावाचे, फ्रेंच कंपनीने भाड्याने घेतलेले ब्रिटिश जहाज पोलंडसाठी दारूगोळा घेऊन डान्झिगला निघाले होते. जर्मनीने ते कील कालव्यातून सोडले नाही. वास्तविक व्हर्सायच्या तहाने, जर्मनीशी शांतता असलेल्या सर्व देशांच्या जहाजांना तो कालवा खुला होता. पोलंड-रशिया युद्धात तटस्थ राहण्याचा आपला सार्वभौम हक्क तहाने हिरावता येत नाही, असा जर्मनीचा बचाव होता. हेगच्या न्यायालयाने तो फेटाळला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : करारामुळे राज्याच्या अधिकार वापरण्यावर बंधन येते हे खरे, पण असे बंधन पत्करण्याचा हक्क हाच सार्वभौमत्वाचा गुण आहे. तो तह जर्मनीवर लादलेला होता, हे मात्र विसरता येत नाही आणि म्हणूनच निवाडा आजही टोचतो.

माझे मत या दोन प्रसंगांवरून बनले आहे. सही केल्यावर पुढची सही करण्याची, नाकारण्याची आणि बाहेर पडण्याची ताकद हातात राहिली असेल, तर ‘सार्वभौमत्व गेले’ म्हणू नये, ‘हात बांधून घेतले’ म्हणावे. युरोपीय संघ ही सर्वांत अवघड कसोटी, कारण तिथे संघाचा कायदा सदस्य देशाच्या कायद्याच्या वर बसतो. तिथे ‘काही सार्वभौम अधिकार संघाकडे सोपवले’ असे अनेकवचनात लिहावे. ब्रिटन 31 जानेवारी 2020 ला बाहेर पडले. त्याआधी, 2017 च्या श्वेतपत्रिकेत, त्यांच्याच सरकारने मान्य केले होते की संसद सदस्यत्वाच्या सगळ्या काळात सार्वभौमच होती, फक्त तसे नेहमी वाटत नव्हते.

आता मूळ वाक्य. व्यापार संघटनेतून सहा महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडता येते. तिच्या नियमांमुळे 2005 पासून आपल्याला औषधांना उत्पादन-पेटंट, म्हणजे बनवण्याच्या पद्धतीवर नव्हे तर खुद्द औषधावरच पेटंट, द्यावे लागले, हे बंधन खरे आणि जड आहे. पण त्याच वेळी संसदेने पेटंट कायद्यातले कलम 3(घ) कडक केले, म्हणजे परिणाम न वाढवता जुन्याच औषधाला नवे रूप दिले तर पेटंट मिळत नाही, आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कलमाच्या आधारे कर्करोगावरच्या ग्लिव्हेक या औषधाचे पेटंट नाकारले. गहाण टाकलेल्या मालाची अशी वापरमुभा कोण देतो? ‘व्यापार संघटनेत जाऊन भारताने औषधांच्या पेटंटबाबत आपले हात बांधून घेतले’ असे लिहिले, तर टीकेची धार राहते आणि वाक्यही खरे ठरते.

सार्वभौमता आणि सार्वभौमत्व दोन्ही शुद्ध, मराठीत दुसरे जास्त रुळलेले. हिंदीतून येणारे ‘सार्वभौमिक’ मात्र टाळावे. तिकडे ते सर्वांना लागू या अर्थाने चालते, त्यासाठी आपल्याकडे सार्वत्रिक आहे.