ऑटिझम असलेल्या मुलाला चित्रांची कार्डं दिली तर तो बोलायचाच नाही का?

नाही हो, असं होत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेचार वर्षांचा आहे, दोनतीन शब्दांपलीकडे बोलत नाही, थेरपिस्टनी कार्डं सुरू करा म्हटलंय आणि सासूबाई म्हणतायत की चित्रं दाखवून काम भागलं तर तो तोंड कशाला उघडेल. मी स्पेशल एज्युकेटर आहे आणि ही भीती मी जवळपास प्रत्येक घरात ऐकते, आजी वाईट मनाने म्हणत नसते, तिला नातवाचा आवाज ऐकायचा असतो. पण २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी याच प्रश्नावरचे आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले होते, त्यातल्या सगळ्यात भरवशाच्या २७ केसेसमध्ये एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं, बहुतेकांचं वाढलंच होतं. मात्र ही वाढ बऱ्याचदा थोडी होती, तेव्हा कार्डं आणली की महिन्याभरात घडाघडा बोलेल असं कोणी सांगत असेल तर तेही खरं मानू नका.

आता मुद्द्याचं. आपण बोललेलं वाक्य एका सेकंदात संपतं, चित्र समोर तसंच राहतं, मुलगा त्याला हवा तेवढा वेळ बघू शकतो. आणि आज तो काय करतो ते बघा, तुमचा हात धरून फ्रीजपाशी ओढत नेतो, मग तुम्ही दूध काढता, दही काढता, केळं काढता, त्याला हवं ते निघेपर्यंत रडून गोंधळ झालेला असतो. त्याला मागायला काहीतरी साधन पाहिजे, आत्ता पाहिजे, शब्द येतील तेव्हा येतील.

पण कार्डं म्हणजे दुकानात मिळणारा फळांचा चार्ट नव्हे, इथेच बहुतेक घरांत गाडी अडते. मुलाला समोर बसवायचं आणि हे काय, हे काय, सांग ना आंबा, असं विचारत राहायचं, ही परीक्षा झाली, संवाद नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत बॉन्डी आणि फ्रॉस्ट यांनी पेक्स नावाची पद्धत काढली, तिची सुरुवात बरोबर उलटी आहे. मुलाला जीव जाईल इतकी आवडणारी एकच वस्तू घ्या, समजा चकली. एकजण चकली घेऊन समोर बसतो, दुसरा मुलाच्या मागे. मुलगा चकलीकडे हात करतो तेव्हा मागचा माणूस काहीही न बोलता त्याचा हात धरून चकलीचं कार्ड उचलून समोरच्याच्या हातात द्यायला लावतो, आणि समोरचा लगेच "चकली!" म्हणून तुकडा देतो. लगेच म्हणजे लगेच. "काय पाहिजे तुला?" असं या टप्प्यावर विचारायचंच नाही, नाहीतर तो कोणी विचारल्याशिवाय मागणारच नाही. हळूहळू मागच्या माणसाची मदत कमी करायची, मग तुम्ही लांब जाऊन बसायचं म्हणजे त्याने कार्ड घेऊन तुमच्यापर्यंत यायला हवं, आणि त्यानंतरच दोन कार्डांतून योग्य ते निवडणं. पुढे वाक्याची पट्टी येते, म्हणजे कार्डं ओळीने चिकटवून पूर्ण वाक्य करायची पट्टी. नेटवरच्या इंग्रजी पट्ट्या जशाच्या तशा छापू नका, त्यांत चित्र शेवटी येतं, आपल्याकडे मधली जागा चित्राला ठेवावी लागते, मला, मग चित्र, मग हवंय.

चित्रं कुठली? मी तरी सुरुवातीला फोटोच घ्या म्हणेन, तुमच्याच घरातल्या वस्तूंचे मोबाईलवर काढलेले, मागे सतरा गोष्टी दिसणार नाहीत असे. तो ज्या स्टीलच्या पेल्यातून पाणी पितो त्याचा फोटो काढा, काचेच्या ग्लासचं सुंदर चित्र त्याच्यासाठी पाणी नसूही शकतं. काही मुलांना फोटोही कळत नाही, त्यांना खरी वस्तू द्यायची, बाहेर जायचंय तर चप्पल हातात. लॅमिनेट करा, मागे वेलक्रो लावा, झालं. नंतर चित्रं लागली तर स्पेनमधल्या आरागॉन सरकारच्या आरासाक साईटवर हजारो फुकट आहेत, आणि आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं फुकट ॲप आहे, ते मराठीतही बोलतं. पण कृपा करून त्याच मोबाईलवर कार्टून दाखवू नका, मग त्याला मोबाईल म्हणजे कार्टूनच वाटणार.

फक्त खाऊची कार्डं करून थांबू नका. "नको" आणि "दुखतंय" ही दोन माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, कारण कान दुखत असलेला मुलगा डोकं आपटतो आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. आणि त्याने "नको"चं कार्ड दिलं की जिथे शक्य आहे तिथे खरंच थांबा, नाहीतर त्या कार्डाला त्याच्या लेखी काही किंमत राहत नाही.

दिवसाचा तक्ता वेगळा, तो आपण त्याला काय सांगतोय यासाठी. आंघोळ, नाश्ता, शाळा, बाग, असे चारपाच फोटो वरून खाली लावायचे, एक झालं की काढून "झालं"च्या पाकिटात टाकायचा. न्हाव्याकडे जायचं असेल, एसटीने गावाला जायचं असेल, गणपतीत ढोलताशाच्या रस्त्याने जावं लागणार असेल तर फोटो आदल्या दिवसापासून दाखवा, कान झाकायचा हेडफोनही त्या फोटोत असू दे. सगळी रडारड थांबेल असं नाही पण अचानक अंगावर येणं कमी होतं, आणि त्याची निम्मी भीती तीच असते.

बालवाडीच्या बाई कार्डं शाळेत आणू नका म्हणतायत असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना शांतपणे सांगा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच दृश्य साधनं आणि बोलण्याला पर्यायी, पूरक पद्धती धरल्यात, आणि कलम १७ मध्ये शाळांसाठी अशा पद्धतींना उत्तेजन द्यायची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकलीये. कायदा दाखवून भांडायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, एक जादा पाकीट बाईंकडेच देऊन ठेवा, पाणी, शू, नको, दुखतंय एवढी चार पुरे. सासूबाईंना मात्र चकलीवाल्या खेळात समोर बसवा, देणारी आजीच असू दे. कार्ड हातात पडलं की शब्द मोठ्याने म्हणायचा आणि खाऊ द्यायचा, एवढंच त्यांना सांगा.