हातून गेलेलं वेब्ली आणि समोर आलेलं दुसरं

प्रश्न : जुनी शस्त्रं जमवण्याचा मला नाद आहे. रीतसर परवाना आहे, संग्रहात एक नग आहे आणि दुसऱ्याला परवान्यात जागा आहे. गेल्या महिन्यात एका दिवंगत संग्राहकाच्या घरच्यांनी त्याचा संग्रह विकायला काढला. त्यात ब्रिटिश सैन्याचं वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर होतं. त्यांनी सांगितलेली किंमत १०० धरली, तर विक्रेत्यांकडे तसलंच १८०-१९० ला जातं. मी 'उद्या सांगतो' म्हणून घरी आलो. सकाळी फोन केला तर आदल्या रात्रीच ते विकलं गेलं होतं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आता एका विक्रेत्याकडे तसंच, अगदी नव्यासारखं दिसणारं वेब्ली १९० ला आहे. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलाय, त्यातला दीड महिन्याचा काढला तर ते येतं. जुन्या शस्त्रांचे भाव वाढतच जातात, म्हणजे गुंतवणूकही होईल. पत्नी म्हणते 'तुम्ही ठरवा', पण तिचा सूर मला कळतो. नोकरी करारावर आहे, नूतनीकरण पाच महिन्यांनी. गाडीचे १४ हप्ते बाकी आहेत. घेऊ का? आणि त्या दिवशी मी चूक केली का? ता. क. : त्या घरच्यांना पुन्हा फोन करू का?

उत्तर : हे दुसरं वेब्ली आत्ता घेऊ नका. करार पाच महिन्यांवर आलेला असताना अडीअडचणीच्या पैशाला हात लावायचा नाही, एवढं एकच कारण मला पुरेसं आहे. नूतनीकरण लांबलं किंवा झालंच नाही, तर तेच सहा महिने तुम्हाला नवी नोकरी शोधायला वेळ देणार आहेत. त्यातला दीड महिना तिजोरीत रिव्हॉल्व्हर होऊन बसला, तर तो परत पैशात आणायला किती काळ लागेल हे तुमच्या हातात राहत नाही. शेअर दोन दिवसांत विकता येतो, मुदत ठेव थोडं व्याज सोडून मोडता येते. शस्त्राला परवाना असलेला, तुमच्याच वस्तूची आवड असलेला ग्राहक शोधावा लागतो आणि मग हस्तांतराची कागदपत्रं होतात. गरजेच्या वेळी घाईने विकायला निघालेला माणूस कसा भाव घेतो, हे तुम्ही गेल्याच महिन्यात पाहिलंत. फक्त तेव्हा तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होता.

पण तुमच्या पत्रातली खरी गाठ ही नाही. हातातोंडाशी आलेला घास गेला, त्याची रुखरुख तुम्हाला १९० कडे ढकलते आहे. गेल्या महिन्यात ते १०० ला दिसण्याआधी विक्रेत्याकडचं हेच वेब्ली तुम्हाला कोणी दाखवलं असतं, तर अडीअडचणीचे पैसे काढायचा विचार तरी मनात आला असता का? मला वाटतं, नाही. म्हणजे या खरेदीत वस्तूची ओढ आहेच, पण त्यात हळहळ मिटवण्याचा मोबदलाही मिसळलाय. तो मोबदला तुम्ही स्वतःच्या खिशातून भरणार, आणि हळहळ तरीही मिटणार नाही. उलट तिजोरी उघडाल तेव्हा ९० जास्त दिल्याचं आठवेल.

आता त्या हुकलेल्या नगाकडे नीट पाहू, कारण तुमचं किती नुकसान झालं याचा तुमचा हिशेब मला पटत नाही. तुमच्या मनात ८०-९० चा आकडा बसलाय. पण १८०-१९० हा विक्रेत्याचा विक्रीभाव आहे. तुम्ही त्याला विकायला गेलात तर आपला नफा, दुकानाचा खर्च आणि माल पडून राहण्याचा धोका वजा करूनच तो भाव सांगणार. शंभराची वस्तू त्याने ११०-१२० ला घेतली असती, तर मी त्याला चांगला सौदा म्हटलं असतं. वाहतूक आणि हस्तांतराचा खर्च त्यातून काढा, फारसं काही उरत नाही. तुम्ही ती ठेवायलाच घेणार होतात हे मान्य. मग फायदा पैशाचा नव्हताच. आवडीची वस्तू स्वस्तात मिळण्याचा आनंद होता, आणि तो गेला याचं वाईट वाटणं अगदी स्वाभाविक आहे. त्याला नुकसान म्हणून वहीत मांडू नका, एवढंच.

शिवाय ते १०० ला का होतं? पत्रात तुम्ही त्याची किंमत सांगितलीत. सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या, मागच्या बाजूबद्दल एक शब्द नाही. वेब्ली मार्क ६ ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये स्वीकारलं, .४५५ काडतुसासाठी. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर अशी पुष्कळ रिव्हॉल्व्हरं जादा माल म्हणून अमेरिकेत गेली. तिथे .४५५ मिळणं कठीण आणि .४५ एसीपी हे तिथलं पिस्तुलाचं काडतूस मुबलक, म्हणून विकणाऱ्यांनी सिलिंडरचा मागचा काठ यंत्रावर थोडा कापला, की चकतीसारख्या क्लिपमध्ये बसवलेली .४५ एसीपी त्यात मावतील. असं कापलेलं वेब्ली संग्राहकाच्या लेखी उतरतं. वर ते धोक्याचंही आहे, कारण नेहमीच्या .४५ एसीपी काडतुसाचा दाब या रिव्हॉल्व्हरच्या चाचणीच्या मर्यादेपेक्षाही जास्त असतो.

हे मला हिशेब पाहण्याच्या कामात एका जुन्या अशिलामुळे कळलं. त्याने आठ-नऊ वर्षांपूर्वी असंच एक वेब्ली 'मातीमोल' भावात घेतलं होतं आणि मुलीच्या शिक्षणासाठी ते विकायचं ठरवलं. मी हिशेबाच्या वह्या घेऊन त्याच्याकडे बसलो होतो. खरेदीला आलेल्या गृहस्थांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, कडी दाबून ते मधून दुमडून उघडलं आणि खिशातली बारीक बॅटरी सिलिंडरच्या मागे धरली. अंगठ्याचं नख काठावरून एकदा फिरवलं. मग काहीही न बोलता ते मिटलं आणि टेबलावर ठेवलं. 'कापलंय,' एवढंच म्हणाले. अशिलाने मनाशी धरलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास बोलणी सुरू झाली आणि तिथेच संपली. इतकी वर्षं तो ज्याला सौदा समजत होता, तो त्याने रास्त किमतीला घेतलेला कापलेला नग होता.

तुमचं हुकलेलं वेब्ली कापलेलं होतं असं मी म्हणत नाही. कदाचित ते अस्सलही असेल आणि ज्याने रात्रीत नेलं, त्याला ते ओळखता आलं असेल. मुद्दा हा की तुम्हाला त्या क्षणी ते सांगता येत नव्हतं. जी वस्तू आपल्याला तपासता येत नाही, तिच्यासाठी 'उद्या सांगतो' म्हणणं हा शहाणपणाच होता. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की त्या संध्याकाळी तुम्ही चूक केली नाहीत. उणीव त्याच्या आधीची आहे. ज्या मॉडेलचा तुम्हाला ध्यास आहे, त्याची तयारी अर्धी होती.

समोरच्या १९० च्या नगाबद्दल तुम्ही 'अगदी नव्यासारखं' असं कौतुकाने लिहिलंय. मला तिथेच खटकलं. शंभर वर्षांहून जुनं सैनिकी रिव्हॉल्व्हर नव्यासारखं दिसतं तेव्हा ते क्वचित खरोखर जपलेलं असतं, आणि बऱ्याचदा घासून पुन्हा रंगवलेलं, म्हणजे नव्याने ब्लूइंग केलेलं असतं. कारखान्याचे शिक्के भिंगातून पाहा. अक्षरांच्या कडा गोलसर, बुजल्यासारख्या दिसल्या, नळीच्या सरळ कडा मऊ झालेल्या दिसल्या, तर घासकाम झालंय असं समजा. संग्राहकांच्या जगात झिजलेला पण मूळचा रंग चमकदार नव्या रंगापेक्षा अधिक मोलाचा असतो, आणि एकदा घासलेलं परत आणता येत नाही. सांगाडा आणि सिलिंडर यांचे नंबर जुळतात का तेही बघायला हवं. जर्मन लुगर पिस्तुलात तर बारीकसारीक भागांवरही नंबराचे शेवटचे आकडे असतात, आणि एखादा भाग न जुळणं भावाला केवढं मारतं हे लुगरवाल्यांना विचारा. हे काहीही न पाहता १९० हा रास्त भाव आहे की भुर्दंड, ते तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही नाही.

आता 'गुंतवणूकही होईल' याकडे. मी सगळ्यात जास्त वेळ इथे देणार आहे, कारण छंदाला गुंतवणुकीचं नाव दिलं की माणूस छंदाची मर्यादा ओलांडतो आणि गुंतवणुकीचे प्रश्न मात्र विचारत नाही.

साधा हिशेब मांडू. लिलावात हातोडा १०० ला पडला, म्हणजे शेवटची बोली १०० ची. वर खरेदीदाराकडून लिलावगृह आपलं शुल्क घेतं, ते २० धरा. वाहतूक आणि कागदपत्रांना ५. वस्तू तुम्हाला १२५ ला पडली. विकताना लिलावगृह विक्रेत्याकडूनही कमिशन घेतं, ते १५ टक्के धरू. तुमचे १२५ तुम्हाला परत मिळायचे, तर हातोडा १४७ ला पडायला हवा. म्हणजे नफा शून्य व्हायलाच भाव ४७ टक्के चढायला हवा. वर्षाला ६ टक्के दराने भाव वाढला, तर त्याला साडेसहा वर्षं लागतात. तेच १२५ साडेसहा वर्षं ६ टक्क्यांनी कुठेतरी निवांत पडले असते, तर साधारण १८३ झाले असते. यात तिजोरी, तेल, दमटपणा सांभाळणं आणि विमा अजून धरलेला नाही. घराच्या विम्यात अशा वस्तूंना बऱ्याचदा वेगळी आणि कमी मर्यादा असते, ती आजच्या नगासाठीही एकदा वाचून घ्या.

भाव वाढल्याची उदाहरणं खरी आहेत, ती नाकारत नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मोझिन-नागांत रायफली ग्रीस माखलेल्या अवस्थेत पेट्यांच्या पेट्या भरून पाश्चात्त्य बाजारात आल्या आणि कवडीमोलाने गेल्या. पुरवठा आटल्यावर त्यांचे भाव कितीतरी पट चढले. पण आज कोणती पेटी उद्याची मोझिन आहे, ते आज कोणी सांगू शकत नाही. उलट बाजूही बघा. कोल्ट कंपनीचं पायथन हे रिव्हॉल्व्हर १९५५ मध्ये आलं, २००५ मध्ये बंद झालं, आणि 'आता होणे नाही' या भरवशावर लोकांनी जुन्या नगांना चढे भाव दिले. २०२० मध्ये कंपनीने ते नव्याने बाजारात आणलं. वेब्ली कोणी पुन्हा १९१५ सालचं बनवणार नाही हे खरं, पण त्याचा पुरवठा कारखान्यातून येतच नाही. तो जुन्या संग्राहकांच्या कपाटांतून येतो, आणि ती पिढी जसजशी जाते आहे तशी कपाटं उघडत जाणार आहेत.

आणि डोळे दिपवणारे आकडे येतात ते कागदामुळे. अमेरिकेतल्या बिली द किड या कुख्यात गुन्हेगाराला ज्या रिव्हॉल्व्हरने शेरिफ पॅट गॅरेटने मारलं, ते कोल्ट २०२१ मध्ये ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं. तसल्याच मॉडेलची इतर कोल्ट त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. लोखंड तेच, पण ते कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेलं याची अखंड नोंद होती. १९० च्या नगाबरोबर तसा काही कागद आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही.

मग करायचं काय? छंद सोडा असं मी सांगणार नाही. तुमच्या पत्रात त्या रिव्हॉल्व्हरची जी ओढ आहे, ती वाचून कुणालाही कळेल की ही नुसती खरेदीची हौस नाही. संग्रहासाठी वेगळं खातं उघडा. आजपासून दरमहा ६ बाजूला टाका, त्याच १०० च्या मापाने. १४ महिन्यांनी गाडीचे हप्ते संपतील तेव्हा ८४ जमलेले असतील. त्यानंतर हप्त्याचा एक भाग या खात्याकडे वळवा, बाकीचा निवृत्तीच्या बचतीत जाऊ द्या. करार मधेच फिसकटला तर हे खातं आपोआप घरखर्चाचं सातवं पाकीट होतं, तेव्हा हे पत्नीलाही दाखवा. त्या 'तुम्ही ठरवा' मागची काळजी बहुतेक रिव्हॉल्व्हरची नाही, त्या सहा महिन्यांची आहे.

दरम्यान ज्या एका मॉडेलवर जीव आहे, त्याचा अभ्यास पुरा करा. लिलावांतले मागितलेले नव्हेत, प्रत्यक्ष झालेले भाव वहीत उतरवा, अवस्थेच्या शेऱ्यासकट. कापलेलं, न कापलेलं, घासलेलं, मूळचं असे नग परवानाधारक मित्रांकडे हातात घेऊन बघा. वर्षभराने असं घर पुन्हा समोर आलं, तर तुम्हाला दहा मिनिटं पुरतील आणि खिशातले पैसे कोणाच्या तोंडचे काढलेले नसतील.

एक विनंती माझ्याकडून. तुमच्याकडच्या नगाची एक नोंद करा. नंबर, कधी व कितीला घेतलं, आजचा अंदाजे भाव, परवान्याची प्रत कुठे आहे, आणि विकायची वेळ आली तर कोणत्या दोन माणसांना विचारायचं. ती पत्नीला माहीत असलेल्या जागी ठेवा. ज्या घरी तुम्ही गेला होतात, तिथे अशी नोंद नसावी. म्हणूनच तुम्हाला १०० ऐकू आले, आणि त्या घराला कदाचित १५० मिळायला हवे होते.

त्या घरच्यांना पुन्हा फोन करू का, असं तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंय. जरूर करा. संग्राहकाच्या घरी केस, क्लिपा, पत्रव्यवहार, खरेदीच्या पावत्या अशा गोष्टी मागे राहतात आणि त्यांना त्यांचं मोल माहीत नसतं. त्या फेकू नका, असं सांगा. ज्याने वेब्ली नेलं, त्याला त्याचे कागद पोचवायला सांगा. तुमचा नंबर ठेवा. त्या दिवशीच्या किमतीचा विषय काढू नका.